पुसण्यापूर्वी

अनोळखी शहरात पायी हिंडणे हा आमचा जुना छंद आहे. वकिलीच्या निमित्ताने परगावी जावे लागते. दिवसाचे काम आटोपून संध्याकाळ मोकळी मिळाली, की आम्ही वाहन टाळतो. वाहन आपल्याला ठरलेल्या ठिकाणी नेऊन सोडते; मधले शहर त्यात राहूनच जाते. पायी चालणाऱ्याला ते मधले शहर भेटते, आणि तो वाट चुकला तर अधिकच भेटते. न कळवता आलेल्या पाहुण्यापुढे घरधनी जसा असेल त्या वेषात येतो, तसे वाट चुकलेल्या माणसापुढे शहर येते.

२०१९ च्या डिसेंबरात एका पक्षकाराच्या कामासाठी आम्ही हैदराबादेस गेलो होतो. मराठी माणसाला हे शहर अगदीच परके म्हणता येणार नाही. १९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे याच राजधानीकडे तोंड करून होते. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्या वकिलांनी तेथे मराठी सार्वजनिक जीवन उभे केले. १९०७ साली निघालेली विवेकवर्धिनी ही शाळा त्याच काळातली. परंतु आम्ही पडलो तळकोकणातले. आम्हांला हैदराबाद पुस्तकांतून ठाऊक होते, गल्ल्यांतून नव्हते. खैरताबादेहून राजभवनाच्या रस्त्याने निघावे आणि हुसेनसागराच्या काठी सूर्यास्त गाठावा, असा आमचा साधा बेत होता. एका वळणावर आम्ही चुकलो आणि रेल्वेच्या रुळांलगतच्या एका दाट वस्तीत शिरलो. दुकानावरच्या पाटीवर वस्तीचे नाव वाचले : एम. एस. मक्ता.

मक्ता हा शब्द वाचून आम्हांला गंमत वाटली. निजामाच्या राज्यात ठरावीक साऱ्यावर दिलेल्या जमिनीला मक्ता म्हणत. आपल्या मराठीत तो ठेक्याच्या अर्थाने रुळला, आणि पुढे ‘शहाणपणाचा मक्ता’ घेणाऱ्यांची थट्टा करण्यापुरता उरला. या मक्त्यात आम्हांला जे दिसले ते मात्र थट्टेवारी नेण्याजोगे नव्हते. एका दुमजली घराच्या अख्ख्या बाजूवर माणसाचा एक प्रचंड चेहरा रंगवलेला होता. त्याच्या कपाळाच्या जागी खरीखुरी खिडकी होती आणि तिच्या गजांना एक टॉवेल वाळत घातला होता. पुढच्या भिंतीवर पक्षी होते. त्यांतल्या एकाच्या पंखातून पाण्याचा नळ खाली उतरला होता. आणखी पुढे पाने, वेली, आणि नुसतेच रंगांचे पट्टे. काही चित्रे ताजी वाटत होती. काहींचे पापुद्रे सुटले होते. एकाला नव्या जिन्याने अर्धे गिळले होते. गल्लीत मुले खेळत होती आणि कोणी चित्रांकडे पाहत नव्हते. पाहत होतो ते आम्हीच, तोंड उघडे टाकून.

नंतर कळले ते असे. ‘स्टार्ट इंडिया फाउंडेशन’ या संस्थेने २०१६ साली महानगरपालिकेच्या साहाय्याने चित्रकारांना या वस्तीत आणून येथल्या भिंती रंगवल्या, आणि तेव्हापासून या भागाला कला-वसाहत म्हणून नाव मिळाले. याच संस्थेने २०१४ साली दिल्लीत पोलीस मुख्यालयाच्या भिंतीवर गांधीजींना आणि मुंबईत वांद्र्याच्या टेलिफोन कचेरीच्या इमारतीवर दादासाहेब फाळक्यांना उभे केले होते. पण त्या संध्याकाळी यांतले आम्हांला काहीच ठाऊक नव्हते. न मागता काही तरी आपल्या पदरात पडले आहे, एवढेच कळत होते. आणि न मागता मिळालेल्या वस्तूचे माणूस जे करतो तेच आम्ही करू लागलो. खिशातून फोन काढला आणि चित्र टिपण्यासाठी उंच धरला.

“नक्को!” असा आवाज आला.

त्या भिंतीतच एक दार होते आणि दाराच्या उंबऱ्यावर एक वृद्ध बाई तांदूळ निवडीत बसली होती. आमच्या दृष्टीने ती चित्राच्या खालच्या कोपऱ्यात आली होती. तिच्या दृष्टीने आम्ही तिच्या दारात उभे राहून तिच्यावर यंत्र रोखले होते. दखनी बोलीने हा ‘नक्को’ आपल्या मराठीतूनच उचलला आहे. त्यामुळे तो आम्हांला भाषांतराची सवड न देता थेट लागला. आम्ही हात खाली घेतला आणि क्षमा मागितली. बाई हसली. “दीवार का लेओ साब, मेरा नक्को,” असे म्हणून तिने सूप उचलले आणि ती बाजूला सरकली.

आम्ही भिंतीचे छायाचित्र घेतले, पण आता तो उत्साह राहिला नव्हता. बोलायचे म्हणून विचारले, “अम्मा, हे कोणी काढले?” तिने सांगितले, की काही वर्षांपूर्वी पोरे-पोरी आली होती, लांबून आली होती. त्यांनी तिच्या मुलाला विचारले, त्याने हो म्हटले; मग शिडी लागली, आणि जितके दिवस काम चालले तितके दिवस तिने त्यांना चहा दिला. आता भिंतीला ओल आली आहे, आतल्या खोलीचा गिलावा सुटतो आहे, आणि मुलाला बाहेरून सिमेंट मारायचे आहे. म्हणजे चित्र जाणार. ते जाण्याचे तिला फारसे दुःख दिसले नाही. तिची अडचण निराळी होती. ज्यांनी एवढे कष्ट करून काढले त्यांना एकदा सांगायला हवे होते, पण ती पोरे तर निघून गेली, मग “पूछना किसकू?”

आम्हांला उत्तर सुचले नाही. वकिलाला उत्तर न सुचणे हे त्याच्या धंद्याला शोभत नाही. पण त्या क्षणी आम्हांला या प्रश्नाशी आपली जुनी ओळख असल्याची आठवण झाली, आणि ती ओळख अभिमान वाटावा अशी नव्हती.

गोष्ट २०१२ सालची. आमच्या गावी एका संस्थेच्या आवाराची लांब भिंत रस्त्याच्या कडेने जाते. शेजारच्या आळीतल्या एका मुलाने, तेव्हाच्या चालकांची तोंडी परवानगी घेऊन, दोन महिने खपून तिच्यावर आमची खाडी रंगवली होती : होड्या, जाळी, मासळीचा बाजार, पलीकडचे माड. पुढे चालक बदलले. संस्थेचा कसला तरी वर्धापनदिन आला आणि नव्या मंडळींना भिंत एकरंगी हवी झाली. त्यांच्यातल्या एका सावध गृहस्थाने वकिलाचे मत घ्यावे असे सुचवले, आणि ते काम आमच्याकडे आले. वकिलीत आम्ही तेव्हा नुकते पाय रोवीत होतो. दीड पानाचा अभिप्राय आम्ही मोठ्या डौलाने लिहिला. भिंत संस्थेची. मुलाला मिळाली ती निव्वळ परवानगी, आणि १८८२ च्या ईझमेंट्सच्या कायद्याप्रमाणे परवानगी काढून घेता येते. त्या कायद्याच्या साठाव्या कलमात एक अपवाद आहे : परवानगीवर विसंबून कोणी स्वतःच्या खर्चाने कायम स्वरूपाचे काम केले असेल, तर ती सहजासहजी काढून घेता येत नाही. आम्ही लिहिले, की रंगाचा थर म्हणजे कायम स्वरूपाचे काम नव्हे. अभिप्राय त्यांना आवडला. दुसऱ्या आठवड्यात भिंत पिवळी झाली.

त्यानंतर एकदा तो मुलगा आम्हांला त्या भिंतीपाशी दिसला. सायकल धरून उभा होता. अभिप्राय कोणाचा हे त्याला ठाऊक नसावे, किंवा असूनही तो तसे बोलला नसेल. त्याने तक्रार केली नाही. आधी कोणी सांगितले असते तर एक फोटो तरी काढून ठेवला असता, एवढेच तो म्हणाला आणि निघून गेला.

कायद्याच्या दृष्टीने आमचा अभिप्राय चूक होता काय? प्रामाणिकपणे सांगायचे तर आजही तो चूक होता असे आम्ही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. १९५७ च्या कॉपीराइटच्या कायद्यात सत्तावन्नावे कलम आहे. कलाकृती विकली गेली तरी कलावंताचा तिच्याशी असलेला एक नैतिक संबंध उरतो, आणि त्याच्या लौकिकाला बाध येईल अशी तिची मोडतोड झाल्यास तो दाद मागू शकतो, असा त्याचा आशय. अमरनाथ सहगल या शिल्पकाराने दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी सुमारे १४० फूट लांब आणि ४० फूट उंच असे ब्राँझचे भित्तिशिल्प घडवले होते. १९७९ साली सरकारने ते उतरवले आणि त्याची वाताहत झाली. सहगल न्यायालयात गेले, आणि २००५ साली दिल्लीच्या उच्च न्यायालयाने त्यांना पाच लाख रुपये भरपाई देववून शिल्पाचे अवशेषही परत देण्यास सांगितले. हा निकाल आम्हांला २०१२ साली ठाऊक होता. आम्ही अभिप्रायात त्याचा उल्लेखही केला, आणि ते राष्ट्राने करवून घेतलेले थोर शिल्प, हे आळीतल्या पोराचे चित्र, असे म्हणून तो एका वाक्यात दूर सारला. पुढे २०१९ साली त्याच न्यायालयाने निराळ्या दिशेचा निकाल दिला. दिल्लीच्या प्रगती मैदानावरील ‘हॉल ऑफ नेशन्स’ ही १९७२ ची गाजलेली वास्तू २०१७ साली पाडली गेली. तिचे वास्तुशिल्पी राज रेवाल यांनी दाद मागितली, तेव्हा न्यायालय म्हणाले, की मालकाला आपली इमारत समूळ पाडण्यापासून या कलमाच्या आधारे रोखता येणार नाही. तेव्हा आमच्या अभिप्रायाला आधार आहे म्हणावे, तर आहे. नाही म्हणावे, तर नाही.

परंतु मक्त्यातली ती बाई कायद्याविषयी काही विचारीतच नव्हती. भिंत आपली आहे, ओल आपल्या घरात आहे, सिमेंट मारणे भाग आहे, याबद्दल तिला शंका नव्हती. ‘मला हक्क आहे काय?’ हा आमच्या पक्षकाराचा प्रश्न होता. ‘हक्क आहे, पण सांगायचे कोणाला?’ हा तिचा होता. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणजे दुसरा आपोआप सुटला, असे आम्ही दीड पानभर गृहीत धरले होते. हक्क सिद्ध झाला, की सौजन्याची गरज संपते, असा हा समज आहे. आणि आम्हां कायदेपंडितांत तो फार पसरलेला आहे.

मराठी भाषेने मात्र ही गाठ फार पूर्वीच मारून ठेवली आहे. आपल्याकडे ‘पुसणे’ या एकाच क्रियापदाचे दोन अर्थ आहेत : खोडून टाकणे आणि विचारणे. पाटी पुसतात, आणि क्षेमकुशलही पुसतात. भाषाशास्त्रज्ञ सांगतील, की हे दोन शब्द मुळात वेगवेगळ्या धातूंपासून आले आणि चालता चालता एकरूप झाले. तसे असेलही. पण ज्या भाषेत ते एकरूप झाले त्या भाषेच्या माणसाने त्यातून एक बोध घ्यायला हरकत नाही : पुसण्यापूर्वी पुसावे.

येथे कोणी म्हणेल, की भिंतीवरच्या चित्राचे एवढे काय मोठे? ते तर नाहीसे होण्यासाठीच असते. हे आम्हांला मान्य आहे. नाहीसे होणाऱ्या कलेचा आपल्याला तिटकारा नाही. उलट आपण तिच्यातच वाढलो. दारातली रांगोळी संध्याकाळपर्यंत पायांखाली जाते आणि उद्या पुन्हा निघते. वारली लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. पुढे भिंत सारवली की तो जातो. गोव्यात आणि सिंधुदुर्गात देवळांच्या भिंतींवर तांबड्या मातीच्या रंगाने केलेली कावी कला शतकानुशतके टिकली, आणि जीर्णोद्धाराच्या उत्साहात कित्येक ठिकाणी नवी फरशी नि नवा रंग येऊन ती गेलीही. मग रांगोळी गेल्याची हळहळ का वाटत नाही आणि कावीची का वाटते? रांगोळी जिने काढली तिला ती जाणार हे ठाऊक असते. तिची त्या जाण्याला संमती असते. कावीच्या कारागिराला कोणी विचारले नाही. तो केव्हाच गेला होता. त्याच्या वतीने बोलणारे आपण होतो, आणि आपण गप्प राहिलो.

खुद्द हैदराबादेतच याचा एक थोर दाखला आहे. मक्त्यापासून हाकेच्या अंतरावर खैरताबादेचा गणपती बसतो. १९५४ साली सुरू झालेल्या या उत्सवातली मूर्ती अलीकडे साठ फुटांच्याही वर गेली आहे. एवढी महाकाय मूर्ती, महिनोन्‌महिने खपून उभारलेली, आणि अकराव्या दिवशी ती हुसेनसागरात जाते. कोणाला तो विध्वंस वाटत नाही. कारण पाण्यात नेण्यापूर्वी उत्तरपूजा होते. देवाला सांगितले जाते, की आता निघायचे; त्याचा निरोप घेतला जातो; मगच मूर्ती जागची हलते. कृती तीच, मूर्ती पाण्यात सोडण्याची. पण उत्तरपूजेवाचून ती केली तर भाविकाला ती असह्य होईल. विसर्जन आणि नासधूस यांतले अंतर एवढेच आहे.

अमेरिकेतल्या एका खटल्यातही हेच अंतर मोजले गेले. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात ‘फाइव्ह पॉइंट्झ’ नावाची जुनी कारखान्याची इमारत होती. मालकाच्याच संमतीने चित्रकारांनी ती रंगवून जगप्रसिद्ध केली होती. पुढे मालकाला ती पाडून घरे बांधायची होती, आणि न्यायालयाने त्याला तसे करण्यापासून रोखले नाही. पण त्याने २०१३ च्या नोव्हेंबरात एका रात्री सगळी चित्रे पांढऱ्या रंगाने झाकून टाकली. तेथला १९९० चा कायदा सांगतो, की जे चित्र नाश न होता काढून घेता येण्याजोगे आहे त्याच्या चित्रकाराला मालकाने आधी कळवावे आणि नव्वद दिवसांची सवड द्यावी. २०१८ साली न्यायालयाने २१ चित्रकारांना ४५ चित्रांबद्दल मिळून ६७ लाख ५० हजार डॉलर देवविले, आणि २०२० साली अपिलातही तो निकाल कायम राहिला. इमारत पाडण्याचा मालकाचा हक्क कोणी नाकारला नव्हता. त्याला दंड झाला तो मुख्यतः त्या रात्रीच्या घाईचा.

आता उलट बाजूचा आक्षेपही ऐकला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. पुसण्यापूर्वी चित्रकाराला शोधत बसावे लागेल अशी धास्ती पडली, तर उद्या कोणता घरमालक आपल्या भिंतीला ब्रश लावू देईल? सौजन्याचे ओझे झाले की उदारपणा आटतो, हे खरे आहे. म्हणूनच आम्ही चित्रकाराला नकाराधिकार मागत नाही. नैसर्गिक न्यायाचे पहिले सूत्र असे, की ज्याच्याविरुद्ध निर्णय व्हायचा त्याचे आधी ऐकून घ्यावे. ऐकून घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे. एक निरोप, आठ दिवसांची वाट, एक छायाचित्र काढण्याची संधी, एवढीच मागणी आहे. एवढ्याने ज्याची भिंत आपली राहत नाही, त्याची ती आधीही फारशी नव्हती.

आणि पुसण्याचे हे ऋण केवळ मालकावर नाही. रंगवणाऱ्यावरही ते तितकेच आहे. महाराष्ट्रात मालमत्तेचे विद्रूपण रोखण्यासाठी १९९५ साली कायदा करावा लागला, कारण निवडणुकीपासून मलमांपर्यंत प्रत्येकाला दुसऱ्याची भिंत आपली वही वाटत होती. आणि जेथे कायदा पोचत नाही तेथे आपण देवादिकांच्या फरशा बसवून त्यांना पहाऱ्यास उभे केले आहे. गरिबांच्या वस्तीत जाऊन चित्र काढणाऱ्याने तर अधिकच जपावे. भिंत रंगल्याने ओल थांबत नाही आणि गटार वाहते होत नाही. ज्याला त्या भिंतीआड राहायचे आहे त्याला ती कशी हवी, हे आधी विचारणे हा कलेचाच भाग आहे. मक्त्यातल्या त्या घरी ते विचारले गेले होते. म्हणूनच चहा मिळाला, आणि म्हणूनच पुढे ती बाई उलट विचारू पाहत होती. विचारलेल्याची परतफेड विचारण्यानेच होते.

राहिला तिसरा पक्ष, म्हणजे आमच्यासारखा वाटसरू. चित्र त्याच्यासाठी रस्त्यावर मांडलेले असते, आणि म्हणून सगळेच आपल्यासाठी मांडले आहे असे त्याला वाटू लागते : भिंत, खिडकी, टॉवेल, उंबऱ्यावरची बाईसुद्धा. रस्त्यावरून दिसणाऱ्या सौंदर्यावर त्याचा मालकी हक्क नाही, पण ते पाहण्याची मुभा त्याला आहे. आणि मुभा मिळालेल्या माणसानेही दारात उभे राहताना विचारायचे असते. आम्हांला ते एका ‘नक्को’ने शिकवले.

घरी परतल्यावर आम्ही त्या मुलाचा शोध घेतला. तो आता गोव्यात दुकानांच्या पाट्या रंगवतो. त्याला गाठून अभिप्राय आमचा होता हे सांगितले. सात वर्षे उशिरा केलेल्या कबुलीजबाबाला जेवढी किंमत असावी तेवढीच त्याने दिली. हसला आणि चहा मागवला. मग त्याने एक प्रश्न विचारला. आम्ही त्या रस्त्याने रोज कोर्टात जात होतो; तेव्हा डाव्या टोकाला, नस्ताच्या शेजारी त्याने जी होडी काढली होती तिचे शीड कोणत्या रंगाचे होते, हे आम्हांला आठवते काय? त्याला स्वतःला आठवत नव्हते. आम्ही दोन महिने ते चित्र होताना पाहिले होते आणि पुढे कित्येक महिने झालेले पाहिले होते. आम्हांलाही आठवले नाही.

तेव्हापासून अशा प्रकारचा अभिप्राय लिहावयाचा प्रसंग आला, की आम्ही शेवटी एक परिच्छेद जोडतो : काम करणाऱ्यास आगाऊ कळवावे आणि वाजवी सवड द्यावी. कायद्याने हे बंधनकारक आहे असे आम्ही लिहीत नाही, कारण तसे लिहिणे खोटे होईल. पक्षकार बहुधा तो परिच्छेद वाचून पान उलटतात. आजवर एकाने मात्र विचारले, की हे कशासाठी. आम्ही त्यांना बसवून घेतले आणि मक्त्यातल्या भिंतीचे ते छायाचित्र दाखवले.